उजव्या चाकाची ओल

सिकंदराबादेस परतताना टँक बंडवर ब्रेक दाबला, तोच माझी जुनी विलीज जीप डावीकडे, हुसेनसागराच्या कठड्याकडे ओढली गेली. १९५३ साली निघालेल्या सीजे-३बी जातीची ही गाडी. चारही चाकांना ड्रम-ब्रेक.

राणीगंजात मिस्त्रींना मी डावे चाक दाखविले. त्यांनी उघडले उजवे! "डावं चाक धरतंय, साहेब, म्हणून तर ओढतंय." खरेच, उजव्या सिलिंडरचे रबर झिजून तेल लायनरवर झिरपले होते. पुसून बसवा, म्हणालो. (काटकसर, दुसरे काय!) पण तेल प्यालेला लायनर पुन्हा धरत नाही, बदलायचे तर दोन्ही बाजूंचे. धूळही त्यांनी फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. शेवटी पेडल मी दाबले, नळीतली हवा त्यांनी काढली.

बंडवर मुद्दाम परत गेलो. जीप सरळ थांबली.