मनाच्या औषधांचा त्रास : सोसू नका, सांगा



मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांसमोरही घेतो. परंतु मानसिक आजाराची गोळी मात्र कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवली जाते. आजारच लपवायचा म्हटल्यावर गोळीचा त्रास कोणाला सांगणार? मग काही जण मुकाट्याने सोसतात, तर काही जण एके दिवशी सगळ्या गोळ्या बंद करून टाकतात. हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. मी डॉक्टर नाही, बँकेतील एक लिपिक आहे. वाचनातून जे समजले ते सोप्या भाषेत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

क्लोरप्रोमाझिन हे तीव्र मानसिक आजारावरील पहिले प्रभावी औषध १९५२ साली पॅरिसमध्ये झाँ दले आणि पिएर देनिकेर या डॉक्टरांनी रुग्णांना देऊन पाहिले. अशा औषधांमुळे वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेली कितीतरी माणसे घरी परतू शकली. हे औषध मेंदूतील डोपामिन नावाच्या द्रव्याचे काम रोखते; त्यामुळे भास व संशय कमी होतात. परंतु हेच डोपामिन शरीराच्या हालचालीही सांभाळते. तेथेही ते रोखले गेले की हातपाय जड होतात, थरथरतात. म्हणजेच हा त्रास रुग्णाचे ढोंग नव्हे आणि आळसही नव्हे.

हा त्रास निरनिराळ्या रूपांत दिसतो. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत एखाद्याची मान वाकडी होते, जबडा आवळतो, डोळे वर फिरतात. घरचे लोक याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करीत बसतात. वास्तविक रुग्णालयात योग्य इंजेक्शन मिळाले, तर हा त्रास बहुधा थोड्याच वेळात उतरतो.

दुसरा त्रास अस्वस्थतेचा. रुग्णाला एका जागी बसवत नाही, तो सारखा येरझारा घालतो, आतून तगमग होते. आजारच वाढला असे समजून औषधाची मात्रा वाढवली गेली, तर तगमग आणखी वाढते. ती असह्य होऊन जिवाचे बरेवाईट करण्याचा विचारही मनात येऊ शकतो. म्हणून “गोळी सुरू झाल्यापासून, की आधीपासून?” हा प्रश्न घरच्यांनी अवश्य विचारावा आणि त्याचे उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे.

ओलान्झापिनसारख्या पुढे आलेल्या काही औषधांनी थरथर कमी होते, पण वजन आणि रक्तातील साखर वाढू शकते. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांपैकी काहींच्या ओठांची व जिभेची आपोआप हालचाल होऊ लागते. ती जितक्या लवकर लक्षात येईल तितके बरे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे :

१) खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे, घाम आणि भ्रम.
२) लिथियम घेणाऱ्यास उलट्या-जुलाब, हातांची जोरदार थरथर, तोल जाणे.
३) क्लोझापिन घेणाऱ्यास ताप किंवा घसादुखी.
४) कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन घेणाऱ्यास अंगावर पुरळ, तोंडात फोड.

लिथियम घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, मीठ एकाएकी सोडू नये आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. या कारणांनी लिथियम रक्तात साठते. म्हणूनच त्याची रक्ततपासणी टाळू नये.

क्लोझापिनची हकीकत बोलकी आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि अनेक देशांत ते मागे घेतले गेले. पुढे, इतर औषधांनी बरे न वाटणाऱ्या रुग्णांनाही त्याचा गुण येतो, हे १९८८ सालच्या अभ्यासात दिसून आले. नियमित रक्ततपासणीच्या अटीवर अमेरिकेने त्याला १९८९ मध्ये परवानगी दिली. धोका होताच, पण त्यावर पाळत ठेवल्यामुळे औषध रुग्णांच्या उपयोगी पडले.

तेव्हा त्रास झाला म्हणून गोळ्या एकदम फेकून देऊ नयेत. आजार उलटतो, झोप उडते. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन अचानक थांबवल्यास झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांजवळ पर्याय असतात : मात्रा कमी करणे, वेळ बदलणे, दुसरे औषध देणे किंवा त्रासावर जोडीला गोळी देणे. पण त्यांना कळले तरच ते काही करतील.

यासाठी एक साधी वही ठेवावी. बँकेत नोंद नसेल तर व्यवहार झाला हे सिद्ध करता येत नाही. येथेही तसेच आहे. गोळीचे नाव, मात्रा, घेतल्याची वेळ, त्रास कोणता, केव्हा सुरू झाला, झोप व वजन किती, एवढे लिहावे. सरकारी दवाखान्यातील गर्दीत डॉक्टरांना मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांत ही वही फार उपयोगी पडते.

आणि विचारण्यात संकोच कसला? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचार कोणता व त्याचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हे जाणून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध झाली. औषधाचा दुष्परिणाम कळविण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.

विद्यार्थी मित्रांना विशेष विनंती. घरातील वडीलधाऱ्यांना गोळ्यांच्या पाकिटावरील इंग्रजी अक्षरे वाचता येत नसतील, तर ती तुम्ही वाचा. मामा, काकू किंवा शेजारची ताई दवाखान्यात जाणार असेल, तर वही घेऊन सोबत जा आणि तिला बोलता येत नसेल तेव्हा तिच्या वतीने विचारा. आजारी माणसाला एकटे न सोडणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.