राष्ट्राचा नकाशा आणि गावाची जमीन

जमीन वाढत नाही. तिच्यावरील मागणी मात्र सतत वाढत आहे. शेती, फळबागा, वने, कुरणे, वस्त्या आणि रस्ते या सर्वांना तीच जमीन हवी असते. म्हणून कोणती जमीन कोणत्या कामी लावावी याचा विचार देशपातळीवर होणे अगत्याचे आहे. या कामी आज संगणकावरील नकाशांचे मोठे साहाय्य होते.

नागपूर येथे १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने माती, हवामान व पीकवाढीचा काळ ध्यानात घेऊन देशाचे २० कृषि-परिस्थितिकी प्रदेश पाडले आहेत. अशा कामात खोली, उतार, निचरा, पाऊस यांचा प्रत्येकी एक नकाशा संगणकात असतो. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत त्याप्रमाणे सॉफ्टवेअर हे थर जुळविते आणि प्रत्येक ठिकाणचे गुणदोष एकत्र दाखविते.

परंतु नकाशा स्वतः निर्णय देत नाही. कोणत्या गुणाला किती महत्त्व द्यावे, हे माणसासच ठरवावे लागते. उदाहरणादाखल संत्र्याच्या बागेसाठी दोन जमिनी घेऊ. पहिली खोल काळी, पण निचरा न होणारी. तिला १० पैकी खोलीस ९, निचऱ्यास ३ व पाण्याच्या सोयीस ७ गुण द्यावेत. दुसरी मध्यम खोलीची व निचऱ्याची. तिला अनुक्रमे ६, ८ व ५ गुण द्यावेत. खोलीचे महत्त्व ५, निचऱ्याचे ३ व पाण्याचे २ धरल्यास गुणाकारांची बेरीज पहिलीची ६८ व दुसरीची ६४ होते. निचऱ्यास ५ व खोलीस ३ धरताच पहिली ५६ वर उतरते आणि दुसरी ६८ वर जाते. जमीन तीच, गुण तेच. निर्णय मात्र उलटला. संत्र्याची मुळे साचलेले पाणी सोसत नाहीत, हे जाणणारा शेतकरी दुसराच हिशेब खरा मानील.

महत्त्व ठरविण्याकरिता थॉमस साटी या गणितज्ञाने दोन-दोन निकषांची तुलना करण्याची पद्धत सांगितली. तीत १ ते ९ अशा मापाने पसंती नोंदवितात व उत्तरांत विसंगती आहे की काय हेही तपासतात. तथापि, जो दोष पिकास मारकच आहे तो बेरजेत झाकू न देता अशी जमीन आधीच वगळावी.

नकाशाचे प्रमाणही पाहावे. १ : २,५०,००० या प्रमाणात एका चौरस सेंटिमीटरमध्ये ६२५ हेक्टर जमीन सामावते, १ : १०,००० मध्ये केवळ १ हेक्टर. पहिल्या नकाशावरून प्रदेशाचे धोरण ठरेल, पण एका शेताचा निकाल लावता येणार नाही.

म्हणून गावात आराखडा येताच कार्यकर्त्यांनी त्याचे प्रमाण व निकषांचे महत्त्व विचारून घ्यावे. शिवारात ठिकठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली, मुरूम व चुनखडी पडताळावी. पाणथळ जागा अनुभवी शेतकऱ्यांकडून समजून घ्याव्यात आणि आढळलेला फरक लेखी कळवावा. बाग एकदा लावली म्हणजे अनेक वर्षे तिचे फळ वा नुकसान शेतकऱ्यासच भोगावे लागते. तेव्हा निर्णयापूर्वीच त्याचे म्हणणे नकाशात उमटले पाहिजे.