काडतुसाच्या बुडावर काय लिहिलेलं असतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

यूट्यूबवर ते व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. अमेरिकेतला कुणीतरी जुन्या सोव्हिएत दारूगोळ्याची लाकडी पेटी उघडतो. आतून सीलबंद पत्र्याचा डबा निघतो, तो ओपनरने कापला की पन्नास वर्षांपूर्वीची काडतुसं, अगदी कोरी! तिकडे असा लष्करी उरलेला माल लोक विकत घेतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस बाळगणंही गुन्हा आहे.

तरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना हा विषय परका नाही. भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. आणि गडचिरोलीच्या जंगलात इतक्या वर्षांत झालेल्या चकमकींनंतर मातीत काय काय पडून राहू शकतं, हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून आज हे शिक्के वाचायला शिकू. फोटोत बरं का, हातात घेऊन नाही.

आधी काडतूस. बुडावर मधोमध एक टिकली असते, तिच्यावर घोड्याचा ठोका बसतो. टिकलीभोवती अक्षरं आणि आकडे ठोकलेले असतात. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं .३०३ रायफली होत्या. तिच्या काडतुसावर इंग्रजी 'केएफ' दिसलं, तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. हा पुण्याचा कारखाना १८६९ पासूनचा. 'ओएफव्ही' म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. शेजारचे दोन आकडे बहुतेक वेळा वर्षाचे. वर्तुळात अधिकचं चिन्ह असेल, तर ते नाटो देशांच्या मापाचं काडतूस. सोव्हिएत काडतुसावर कारखान्याचं नावच नसतं, फक्त नंबर. १७ म्हणजे सैबेरियातलं बार्नाऊल.

आता डबा. त्यावरची रशियन अक्षरं बघून घाबरायचं कारण नाही. पहिला आकडा गोळीच्या मापाचा. फक्त ते लोक दशांशाच्या टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. त्यापुढची अक्षरं गोळीचा प्रकार आणि पुंगळी कोणत्या धातूची ते सांगतात. खाली लॉट नंबर, वर्ष आणि कारखाना. आणखी खाली आतल्या दारूचा वेगळा लॉट आणि वेगळं वर्ष. म्हणजे काडतूस ७४ सालचं आणि दारू ७३ सालची, असं एकाच डब्यावर दिसू शकतं. रंगाचा पट्टाही असतो. हिरवा असेल तर उडताना प्रकाशाची रेघ सोडणारी गोळी, काळा-लाल असेल तर चिलखत भेदून आग लावणारी.

यातला लॉट नंबर फार कामाचा. एका लॉटमध्ये खोट निघाली, तर सगळा लॉट बाजूला काढता येतो. पण सोव्हिएत काडतुसाच्या बुडावर फक्त कारखाना आणि वर्ष असतं, लॉट नसतो. तो डब्यावर असतो. काडतुसं डब्याबाहेर काढून मिसळली, की त्यांची अर्धी ओळख गेली.

आणि उरलेली अर्धी ओळख तरी किती सांगते? शिक्का जन्मतारीख सांगतो, तब्येत नाही. आतली दारू टिकून राहावी म्हणून तिच्यात स्थिर ठेवणारं रसायन मिसळलेलं असतं. ते वर्षांगणिक संपत जातं, आणि उष्णतेत लवकर संपतं. आपल्याकडचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना आठवा! सीलबंद डब्यात, थंड गोदामात राहिलेलं काडतूस आणि वीस उन्हाळे-पावसाळे नाल्याकाठी काढलेलं काडतूस, दोघांवरचा शिक्का तोच असू शकतो.

तोफगोळे आणि ग्रेनेड तर आणखी वाईट, कारण त्यांच्यात फ्यूज असतो. तो अर्धवट पेटून अडकला असेल, तर नुसत्या हलवण्यानेही फुटू शकतो. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करायला आणला होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि ६ जण गेले. त्यांत जवळपासच्या गावांतले मजूर होते. तिथे तर माल कोणता, कुठला, हे कागदावर होतं. जंगलात सापडलेल्या वस्तूला तर कागदही नसतो.

म्हणून मोहफुलं वेचताना किंवा तेंदूपत्ता तोडताना असं काही दिसलं, तर पितळ म्हणून भंगारवाल्याकडे न्यायचं नाही. शिक्का वाचायला वाकायचं नाही, जवळ जाऊन फोटो काढायचा नाही. आलात त्याच पावलांनी मागे फिरा, इतरांना लांब थांबवा आणि ११२ ला फोन करा. जागा सांगताना झाड, नाला, पायवाट, जी खूण असेल ती सांगा. पुढचं बॉम्बशोधक व नाशक पथक बघेल.

घरात लहान भावंडं असतील, तर हा भाग त्यांनाही ऐकवा. जंगलात असली चकाकती वस्तू पहिल्यांदा बहुतेक त्यांनाच दिसते. भेटू पुढच्या भागात.