गोधडीचे काठ आणि कोपरे

ज्या वस्तूखाली आपण लहानाचे मोठे झालो, तिच्याकडे निरखून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आम्ही उभी हयात मजुरीच्या दरांची भांडणे भांडण्यात घालविली. पोत्यामागे हमालाला काय मिळते, हे आम्हाला तोंडपाठ होते. आमची आई लोकांच्या गोधड्या शिवून देई. तिला एका गोधडीमागे काय मिळते, हे मात्र आम्ही तिला कधी विचारले नाही. त्या ऋणाची थोडी फेड म्हणून हा विषय घेतला आहे.

आपल्या परभणीकडे गोधडीला वाकळही म्हणतात. खाली एक धड लुगडे, वर एक धड लुगडे आणि मध्ये जुनेराचे थर. हे सारे जमिनीवर पसरून कडांवर वजने ठेवावयाची, कच्च्या टाक्यांनी थर एकत्र धरावयाचे आणि एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करावयाचा. दोरा काठाकाठाने चारी बाजू फिरून आला की बोटभर आत दुसरा फेरा, त्याच्या आत तिसरा. असे करीत बाई मध्याकडे सरकते. प्रत्येक फेरा कोपऱ्यात काटकोनात वळतो. ही सारी वळणे कोपऱ्यातून आत जाणाऱ्या एका तिरप्या रेषेवर पडतात. ती रेषा कोणी आखलेली नसते. ती सरळ उतरली म्हणजे शिवणारीचा हात बसलेला आहे असे समजावे.

नक्षीला काठ आणि कोपरा हीच जागा का मिळाली? गोधडी प्रथम झिजते ती तेथे. ओढताना, झटकताना, वाळत घालताना हात कोपऱ्यालाच पडतो. तेथे टाका दाट हवा. आणि दाट घालावयाचाच, तर देखणा का नसावा? कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रियाही आपली ‘कवंदी’ कडेपासून आत शिवीत नेतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. फुलांवाचूनची कवंदी त्यांच्या लेखी उघडीच.

परदेशात याच जागेवर पिसांची वेल काढण्याची रीत आहे. इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम आणि नॉर्थंबरलंड हे परगणे तिच्यासाठी प्रसिद्ध. प्रथम नागमोडी मधली शीर शिवावयाची. मग तिच्या एका बाजूने पिसे काढीत जावयाचे. प्रत्येक पीस म्हणजे आपल्या कोयरीचे अर्धे अंग: शिरेपासून निघून बाहेर फुगते आणि वळून पुन्हा शिरेला मिळते. एक पीस संपले की शिवलेल्या रेषेवरूनच थोडे मागे येऊन दुसरे काढावयाचे, म्हणजे दोरा तोडावा लागत नाही. एक बाजू झाली की दुसरी.

हेच काम आता शिवणयंत्रावरही करतात. यंत्रात सुईखाली कापड पुढे सरकविणारे दाते असतात. ते खाली उतरवितात किंवा झाकून टाकतात. मग कापड कोठे न्यावयाचे ते केवळ हातांनी ठरते. हात घाईने हलला तर टाके लांब पडतात, रेंगाळला तर एका जागी गोळा होतात. सुईची चाल आणि हाताची चाल जुळणे, एवढीच या कामाची किल्ली. पण ती सापडावयास महिने लागतात. यंत्रावर शिवताना मध्यापासून बाहेर येतात, म्हणजे चुण्या कडेकडे ढकलल्या जातात आणि काठ शेवटी होतो. आपली बाई बाहेरून आत जाते, म्हणून तिला दर फेऱ्याला तळहाताने कापड निपटत जावे लागते.

खरी परीक्षा कोपऱ्यात होते. समजा, पांघरूण ८४ इंच लांब व ६८ इंच रुंद आहे आणि काठ ६ इंचांचा आहे. दोन्ही टोकांचे कोपरे वजा केले तर लांब बाजूस ७२ व आखूड बाजूस ५६ इंच उरतात. वेलीची एक कमान ८ इंचांची धरली तर एकीकडे ९ व दुसरीकडे ७ कमानी बसतात. संख्या विषम असल्याने पहिली व शेवटची कमान एकाच दिशेची येते आणि चारी कोपरे सारखे जुळतात. सम संख्या आली तर एक कोपरा बाहेर वळतो, दुसरा आत. हे गणित शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी वितीने आणि बोटांनी केलेले आहे.

डरहॅमकडे कोळशाच्या खाणीत कामगार मेला की त्याची विधवा पुष्कळदा असे काम धरी. शेजारणी दर आठवड्याला ठरीव हप्ता देत आणि पाळीपाळीने एकेकीला पांघरूण मिळे. ही आपली भिशीच म्हणावयाची. १९२८ पासून तेथील ग्रामोद्योग खात्याने खाणपट्ट्यांतील या बायकांना बाजारपेठ मिळवून देण्याची योजना चालविली.

आपल्याकडील उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथे बायका व्यापाऱ्याकडून गिरणीच्या चिंध्या घेत आणि त्यांच्या खोळी शिवून नगावर परत करीत. १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने त्यांना एकत्र केले. दरवाढ मागताच व्यापाऱ्यांनी चिंध्या देणे थांबविले. तेव्हा बायकांनी थेट गिरण्यांकडून चिंध्या घेऊन आपली सहकारी संस्था उभारली.

या गोष्टीचा धडा असा की, नगावरचा दर ठरविताना नगात काय काय आहे ते मोजले पाहिजे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नगावरच्या कामालाही किमान दर ठरविण्याची सोय होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. पण कायदा घड्याळ लावून बसत नाही. ते आपण लावावयाचे. समजा, एका गोधडीला ५० तास लागले. त्यांतले ३० मधल्या भागाचे, १४ काठांचे आणि चार कोपऱ्यांचे ६. गिऱ्हाईक साध्या गोधडीचाच भाव देते. म्हणजे शंभरातले चाळीस भाग काम फुकट गेले. बाई त्याला हौस म्हणते, आणि आपण तिची हौस तेवढी आनंदाने मान्य करतो!

म्हणून शिवणाऱ्या बायांना आमचे सांगणे असे की, मधला भाग, काठ व कोपरे यांचे दर वेगवेगळे लावावेत आणि गल्लीतल्या सर्वजणींनी एकच दर धरावा. आणि घेणाऱ्यांना विनंती अशी की, गोधडीचा भाव करण्याआधी तिचा एक कोपरा उलटून पाहावा, टाके मोजावेत, आणि मग तोंडातून आकडा काढावा.