उन्हाळी सुटीतील शिक्षक-प्रशिक्षण : पूर्वपीठिका, मर्यादा आणि महाविद्यालयांची भूमिका

प्रस्तावना :

वार्षिक परीक्षा आटोपून निकालपत्रके वाटली गेली की शालेय शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा हंगाम सुरू होतो. मे महिन्यात अथवा जूनच्या आरंभी भरणारी ही प्रशिक्षणे शिक्षणव्यवस्थेच्या अंगवळणी पडली आहेत. कधी नवे पाठ्यपुस्तक हे त्यांचे निमित्त असते, कधी नवी मूल्यमापन पद्धती, तर कधी सेवेची १२ अथवा २४ वर्षे पूर्ण झाल्यानंतर मिळणारी वरिष्ठ व निवड वेतनश्रेणी. या प्रशिक्षणांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. प्रशासनाच्या दृष्टीने ती गुणवत्तावाढीची गुरुकिल्ली असतात, तर अनेक शिक्षकांच्या दृष्टीने ती हजेरीपत्रकावरील स्वाक्षरीपुरती उरलेली असतात. ही दोन्ही मते बाजूला ठेवून, सुटीतील प्रशिक्षण कोणत्या परिस्थितीत वर्गापर्यंत पोहोचते आणि कोणत्या परिस्थितीत पोहोचत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पूर्वपीठिका :

सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी उन्हाळी सुटीचा उपयोग करण्याची कल्पना केवळ भारतातील नाही. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९५३ मध्ये गणित व विज्ञान शिकविणाऱ्या अध्यापकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडल्यानंतर या वर्गांचा झपाट्याने विस्तार झाला. भारतात १९६३ पासून विद्यापीठ अनुदान आयोग, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि अमेरिकन साहाय्य यांच्या सहकार्याने विज्ञान व गणित शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले. हे वर्ग विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या आवारात भरत आणि तेथील प्राध्यापक त्यांत अध्यापन करीत. म्हणजेच शालेय शिक्षकांचे उन्हाळी प्रशिक्षण आरंभी महाविद्यालयांच्या कार्यकक्षेत होते.

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर शिक्षकांच्या सामूहिक उद्बोधनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. १९८६ ते १९८९ या काळात दहा दिवसांच्या शिबिरांतून १७ लाखांहून अधिक शिक्षकांचे प्रशिक्षण झाले. पुढे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम (१९९४) आणि सर्व शिक्षा अभियान (२००१) यांमुळे प्रशिक्षणास कायमस्वरूपी यंत्रणा लाभली. सर्व शिक्षा अभियानाच्या आरंभीच्या निकषांनुसार प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाकाठी २० दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यासाठी प्रतिदिन प्रति शिक्षक ७० रुपयांपर्यंत खर्च मान्य होता. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि करोनाकाळात तो ‘दीक्षा’ या प्रणालीवर ऑनलाइन उपलब्ध करून देण्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून दरवर्षी किमान ५० तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे.

या वाटचालीत संख्येचा व्याप वाढत गेला. मात्र विषयज्ञान देणारी महाविद्यालये व विद्यापीठे या प्रक्रियेतून हळूहळू दूर होत गेली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

२. प्रशिक्षणाची उतरंड :

लाखो शिक्षकांपर्यंत अल्पावधीत पोहोचण्यासाठी शासनाने साखळी पद्धत स्वीकारली. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक घडविले जातात. ते जिल्हास्तरावरील मार्गदर्शकांना, जिल्हास्तरावरील मार्गदर्शक तालुकास्तरावरील साधनव्यक्तींना आणि साधनव्यक्ती अखेरीस शिक्षकांना प्रशिक्षण देतात. ही रचना उतरंडीसारखी आहे. तिचा लाभ उघड आहे : एकच आशय एकाच वेळी सर्वत्र पोहोचतो आणि खर्च आटोक्यात राहतो.

तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. केवळ समजुतीसाठी असे गृहीत धरले, की प्रत्येक पायरीवर आशयाचा तीन चतुर्थांश भाग पुढे सरकतो, तर तीन पायऱ्यांनंतर जेमतेम ४२ टक्के आशय उरतो. याहून गंभीर बाब अशी, की जे गळते ते सहसा महत्त्वाचेच असते. व्याख्या, टप्पे, तक्ते व घोषवाक्ये सहज पुढे जातात. प्रश्न विचारल्यावर थांबण्याची सवय, चुकीच्या उत्तरामागील विचार ओळखण्याची दृष्टी, स्वतः प्रयोग करताना आलेली अडचण या गोष्टी मात्र पुस्तिकेत मावत नाहीत. त्यामुळे ज्ञानरचनावादावरील प्रशिक्षण व्याख्यानातून दिले जाते आणि कृतियुक्त अध्यापनाची माहिती शिक्षक बसल्या जागी लिहून घेतात. या विसंगतीचे मूळ साधनव्यक्तींच्या अनास्थेपेक्षा रचनेत अधिक आहे; कारण साधनव्यक्तीलाही तेच प्रशिक्षण मोजक्या दिवसांत आणि त्याच रीतीने मिळालेले असते.

३. सुटीचे लाभ आणि सुटीची किंमत :

प्रशिक्षण सुटीत का घ्यावे, याचे सबळ कारण आहे. शाळा सुरू असताना शिक्षक प्रशिक्षणास गेल्यास वर्ग ओस पडतो. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक गेला की उरलेल्या एकावर सर्व इयत्तांचा भार येतो. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामकाजाचे दिवस निश्चित केले आहेत. हे दिवस प्रशिक्षणासाठी खर्च होऊ नयेत, ही अपेक्षा रास्त आहे.

तथापि सुटीलाही किंमत असते. शिक्षकाची उन्हाळी सुटी म्हणजे केवळ विश्रांती नव्हे. ग्रामीण भागात याच काळात शेतीची मशागत, घरातील लग्नकार्य, वृद्ध आई-वडिलांचे औषधपाणी अशी वर्षभर मागे पडलेली कामे उरकली जातात. शिक्षिकांच्या बाबतीत, लहान मुलांना कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न निवासी प्रशिक्षणावेळी हमखास उभा राहतो. विदर्भात मे महिन्यातील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि तेथील शाळाही उर्वरित राज्याच्या नंतर सुरू होतात. अशा स्थितीत पत्र्याच्या छताखाली दुपारी भरणाऱ्या सत्रात किती ग्रहण होईल, हे सांगावयास नको. सुटीत कामावर बोलाविल्यास त्याबदल्यात अर्जित रजेची तरतूद सेवानियमांत आहे; परंतु तिची नोंद सेवापुस्तकात वेळेवर होते की नाही, यावर शिक्षकांची प्रशिक्षणाविषयीची भावना बरीचशी अवलंबून असते.

सुटीची आणखी एक मर्यादा शैक्षणिक स्वरूपाची आहे. मे महिन्यात वर्गात विद्यार्थी नसतात. शिकलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी करून पाहण्याची सोय नसते. वर्ग सुरू होईपर्यंत प्रशिक्षणातील उमेद ओसरते आणि प्रवेश, पाठ्यपुस्तक वाटप व माहिती-तक्ते यांच्या गर्दीत जुनी पद्धत पुन्हा रूढ होते.

४. होशंगाबादचा अनुभव :

या अडचणीवर उपाय शोधणारा एक महत्त्वाचा प्रयोग मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यात झाला. किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत (इयत्ता सहावी ते आठवी) होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक व अध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा सांभाळली. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

या कार्यक्रमातही प्रशिक्षण उन्हाळ्यातच होत असे. शिक्षक तीन वर्षे, दरवर्षी सुमारे तीन आठवडे एकत्र येत आणि मुलांनी करावयाचे प्रयोग स्वतः करीत. फरक पुढे होता. शाळा सुरू झाल्यावर दरमहा शिक्षकांची ‘मासिक गोष्ठी’ भरे. तीत वर्गात आलेल्या अडचणींची चर्चा होई. अनुवर्तनासाठी सहकारी शाळेत जात. ती तपासणी नसे. प्रयोगसाहित्याचा संच शाळेत उपलब्ध असे आणि परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून व प्रात्यक्षिकासह घेतली जाई. म्हणजे प्रशिक्षण, साहित्य, अनुवर्तन आणि मूल्यमापन या चारही बाबी एका सूत्रात गुंफलेल्या होत्या. उन्हाळी वर्ग हा त्या वर्षभराच्या प्रक्रियेचा केवळ आरंभ होता.

सर्व शिक्षा अभियानाच्या सुधारित निकषांतही ही जाणीव दिसते. २० दिवसांपैकी दहा दिवस गटस्तरावरील प्रशिक्षणासाठी आणि उर्वरित दहा दिवस समूहस्तरावरील मासिक बैठकांसाठी योजण्यात आले. परंतु केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेचा वेळ परिपत्रकांचे वाचन व माहिती-संकलन यांत गेला, तर ही तरतूद कागदावरच राहते.

५. प्रशिक्षणाचा आशय कोठून घ्यावा? :

सुटीत विद्यार्थी नसले तरी त्यांचे लेखन उपलब्ध असते. पाचवीतील एखादा विद्यार्थी १/४ हा अपूर्णांक १/३ पेक्षा मोठा ठरवितो, कारण ४ ही संख्या ३ पेक्षा मोठी आहे. ही चूक निष्काळजीपणाची नाही. पूर्ण संख्यांचा नियम त्याने अपूर्णांकाला लावला आहे. ‘अपूर्णांकांचे अध्यापन’ या विषयावरील व्याख्यानापेक्षा अशा वीस उत्तरपत्रिका शिक्षकांच्या गटापुढे ठेवून ‘विद्यार्थ्याने असा विचार का केला असावा?’ हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. त्यातून शिक्षक पुढील वर्षी कोणते उदाहरण आधी घ्यावे, हे स्वतः ठरवितात. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका मे महिन्यात शाळेतच असतात. नावे झाकून त्यांचा उपयोग करण्यास वेगळा खर्च येत नाही.

६. महाविद्यालयांची भूमिका :

महाविद्यालयीन अध्यापकांना सक्तीच्या प्रशिक्षणाचा अनुभव नवा नाही. १९८७ पासून अकादमिक स्टाफ कॉलेजांतून आणि आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांतून उद्बोधन व उजळणी वर्ग पूर्ण करून तेही पदोन्नतीची पात्रता मिळवितात. प्रमाणपत्र हाच हेतू झाला की शिकणे कसे मागे पडते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक आहे. म्हणूनच शालेय शिक्षकांकडे केवळ ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून पाहणे त्यांनी टाळावयास हवे.

तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयास पुढील कामे करता येतील :

(१) परीक्षांचे कामकाज संपल्यावर प्रयोगशाळा व ग्रंथालय परिसरातील शिक्षकांसाठी खुले करणे.
(२) अध्यापनशास्त्राचे व्याख्यान देण्याऐवजी विषयज्ञानातील शंकांचे निरसन करणे. कारण शालेय शिक्षकास आपली शंका विचारण्यासाठी हक्काचे ठिकाण क्वचितच असते.
(३) जून ते मार्च या काळात महिन्यातून एकदा त्याच गटाशी संपर्क ठेवणे.
(४) वर्गात काय घडते हे शिक्षकांकडून समजून घेणे. अकरावीत व पदवीच्या प्रथम वर्षात आढळणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ तेथे सापडते.

समारोप :

उन्हाळी प्रशिक्षणाचे यश मे महिन्यात मोजता येत नाही. उपस्थितीची टक्केवारी व अभिप्राय-पत्रके यांतून केवळ आयोजनाची माहिती मिळते. खरी कसोटी ऑगस्टमधील एखाद्या वर्गात लागते : विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिल्यावर शिक्षक काय करतो, यात. तोपर्यंत शिक्षकाच्या सोबत कोणी उरले नसेल, तर सुटीतील दहा दिवस त्याच्याकडून घेतले गेले, पण त्याला काही मिळाले नाही, असेच म्हणावे लागेल. प्रशिक्षणाचे दिवस वाढविण्यापेक्षा उन्हाळ्यातील दिवस वर्षभराच्या कामाशी जोडणे अधिक निकडीचे आहे आणि त्या जोडणीत परिसरातील महाविद्यालयाचा वाटा मोलाचा ठरू शकतो.