मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार आणि जनुकाची दुरुस्ती

आम्ही कला शाखेचे पदवीधर. राहावयास दौंडला, नोकरी शिरूरला बँकेत कारकुनाची. शास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही हे लिहिण्यास एक कारण घडले. आमच्या परिचयाचे एक खातेदार मुदत ठेव मोडण्यास आले. वडील डायलिसिसवर. त्यांना मूत्रपिंड देण्याची यांची तयारी होती; परंतु सोनोग्राफीत यांच्याही मूत्रपिंडांत वडिलांसारख्याच पाण्याच्या गाठी निघाल्या. ते म्हणाले, "भाऊसाहेब, आता जीन बदलून किडनी बरी करतात म्हणे. एक जण औषध आणून देतो, पैसे आगाऊ मागतो." आम्ही म्हणालो, "आठ दिवस थांबा, आधी डॉक्टरांना विचारा." त्यानंतर आम्ही जे वाचले व समजून घेतले, ते त्यांच्या अनुमतीने येथे मांडीत आहोत.

या आजारास पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. बहुतेक रुग्णांत पीकेडी-१ किंवा पीकेडी-२ या जनुकांपैकी एकात दोष असतो. जनुक म्हणजे शरीर घडविणारी लिखित सूचना. आई किंवा वडील यांपैकी एकास दोष असला तरी प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. चार मुलांत दोघांनाच होईल, असा हा हिशोब नव्हे. प्रत्येक जन्माच्या वेळी नव्याने नाणेफेक होते. यात पूर्वजन्मीचे पाप नाही, करणी नाही आणि सुनेचा पायगुणही नाही.

आता जनुकाच्या दुरुस्तीविषयी. क्रिस्पर नावाची रेणूंची कात्री जनुकातील नेमकी जागा शोधून तेथे काप घेते. २०१२ साली हे तंत्र मांडणाऱ्या शार्पेंतिए व डाउडना या दोन शास्त्रज्ञ महिलांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांना सिकलसेल ठाऊक आहे. त्या आजारावरील क्रिस्पर उपचारास २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली.

मग मूत्रपिंडासाठी हेच का होत नाही? सिकलसेलमध्ये रक्त तयार करणाऱ्या पेशी शरीराबाहेर काढून, दुरुस्त करून परत सोडता येतात. मूत्रपिंड तसे काढून दुरुस्त करता येत नाही. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांच्या पेशींपर्यंत कात्री पोहोचविणे अवघड. शिरेतून दिलेले असे औषध बहुतांशी यकृतात जाते. त्यातच पीकेडी-१ हे जनुक फार मोठे, आणि त्याच्यासारखे दिसणारे तुकडे शेजारीच असल्यामुळे चुकीच्या जागी काप बसण्याचा धोका. म्हणून या आजारावरचे हे काम अद्याप प्रयोगशाळेतच आहे. मूत्रपिंडात खडे करणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचे मूळ मात्र यकृतात असते. तेथे माणसांवर प्राथमिक चाचण्या सुरू झाल्या आहेत. आशा आहे, परंतु बाजारात विकत मिळणारे औषध नाही.

तोवर हातात काहीच नाही, असे मात्र नव्हे. घरात हा आजार असल्यास सर्व भावंडांनी रक्तदाब तपासून घ्यावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करावी. तरुण वयात सोनोग्राफी निर्दोष आली तरी गाठी पुढे दिसू शकतात. म्हणून मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्या तरुण नातेवाइकाची जनुक तपासणीही करावी लागते. रक्तदाब आटोक्यात ठेवावा, मीठ कमी खावे, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. टॉलव्हॅप्टन या गोळीने काही रुग्णांत आजाराची गती मंदावते. परंतु यकृतावर लक्ष ठेवावे लागत असल्याने ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

आमच्या खातेदारांनी ठेव मोडली नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीचाही रक्तदाब वाढलेला निघाला व औषध वेळेवर सुरू झाले. ही तपासणी राहून गेली असती, तर ते कळलेही नसते. समाजबांधवांनी आजार लपवू नये आणि आगाऊ पैसे मागणाऱ्यावर विसंबू नये, एवढीच आमची नम्र विनंती.