पुसली न गेलेली खूण : फाइलींच्या स्मृति-व्यवस्थापनातील एक दोष

उपकरण निर्दोष असले आणि निरीक्षक दक्ष असला, तरी नोंद ज्या माध्यमात साठविली जाते ते विश्वसनीय नसेल, तर त्या नोंदीस शास्त्रीय मूल्य उरत नाही. नवे पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे वारशाने आलेली मापनमालिका ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. कुलाबा येथे १८४१ साली आरंभलेली ही निरीक्षणे १९०४ पासून अलिबाग येथे होऊ लागली. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या नोंदीत चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेला आढळतो. ही घसरण सौरवादळाची, लेखनदोषाची नव्हे, हा निष्कर्ष नोंदीवरील विश्वासावरच उभा आहे. आज अशी मापने संगणकाच्या फाइलींत साठविली जातात. तेव्हा, कोणी हेतुतः न लिहिताही फाइलीतील मजकूर बदलू शकेल काय, हा प्रश्न प्रत्येक संशोधकाचा ठरतो. लिनक्स प्रणालीत २०२२ साली उघडकीस आलेल्या एका दोषाने त्याचे उत्तर होकारार्थी दिले.

ह्या दोषाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम फाइल वाचण्याची रीत पाहिली पाहिजे. डिस्कवरून वाचलेला मजकूर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत सामान्यतः ४०९६ बाइटांच्या पानांत ठेवतो. पुढे ती फाइल जो जो वाचील त्याला हीच पाने दाखविली जातात. एका प्रक्रियेकडून दुसरीकडे मजकूर नेणाऱ्या 'पाइप' नामक मार्गात अनेक कप्पे असतात व ते पुनःपुन्हा वापरले जातात. वेळ वाचावा म्हणून फाइलीचे पान नकलून न घेता, त्या पानाचा केवळ निर्देश कप्प्यात ठेवण्याचीही सोय आहे. अशा उसन्या पानावर पाइपाने काही लिहिणे अर्थातच निषिद्ध होय.

२०१६ साली समाविष्ट झालेल्या संहितेत असा निर्देश ठेवताना कप्प्यावरील जुन्या खुणा पुसावयाच्या राहून गेल्या. तेव्हा त्यामुळे काही बिघडले नाही. परंतु २०२० साली, 'ह्या पानात पुढील मजकूर जोडण्यास हरकत नाही' ही अनुज्ञा त्याच खुणांत नोंदविली जाऊ लागली. परिणामी आधीच्या वापरातील अनुज्ञा तशीच राही व पाइपात नंतर आलेला मजकूर थेट फाइलीच्या पानावर उमटे. ज्याला फाइल केवळ वाचण्याचा अधिकार आहे, त्यालाही अशा रीतीने ती बदलता येई. म्हणूनच हा दोष सुरक्षिततेच्या दृष्टीने गंभीर ठरला.

मॅक्स केलरमन ह्या तज्ज्ञाच्या नजरेस तो आला तो मात्र एका क्षुल्लक तक्रारीतून. २०२१ साली एका सर्व्हरवरील दैनंदिन नोंदींची संक्षिप्त फाइल उघडेना, कारण तिच्या अखेरची पडताळणी-संख्या जुळत नव्हती. पुढे अशा आणखी फाइली सापडल्या. असा बिघाड महिन्याच्या शेवटच्या दिवशी सर्वाधिक आढळे, आणि शेवटच्या आठ बाइटांच्या जागी महिन्याभराच्या एकत्रित फाइलीच्या अनुक्रमणिकेचा आरंभ उमटलेला होता. ह्या नियमितपणामुळे यंत्रसामग्रीतील आकस्मिक बिघाडाची शंका फिटली व शोध कर्नलपर्यंत पोहोचला.

दुरुस्ती अत्यल्प होती. जेथे कप्पा नव्याने भरला जातो अशा दोन ठिकाणी खुणांचे मूल्य शून्य करण्यात आले. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ ह्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. ७ मार्च रोजी 'डर्टी पाइप' ह्या नावाने दोष जाहीर झाला.

ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पुनर्वापरासाठी घेतलेली मेमरी स्वच्छ मानून चालू नये. आज निरुपद्रवी वाटणारी उणीव उद्याच्या निर्दोष सुधारणेशी मिळून घातक होऊ शकते. दुसरी गोष्ट संशोधकांच्या विशेष लक्षात राहावी. येथे फाइलीच्या अंगीच पडताळणी-संख्या होती, म्हणून बिघाड कळला. अंकांच्या साध्या रकान्यात आठ बाइट बदलले असते, तर ते एखादे विलक्षण मापन म्हणून स्वीकारले जाण्याचा संभव होता. म्हणून मापनांबरोबरच त्यांची पडताळणी-संख्या वेगळ्या ठिकाणी जतन करणे, हा निरीक्षणाचाच एक भाग मानला पाहिजे.